चांद्याच्या अरण्यांतील जुनीं वाहनें

जुनी मोटार विकत घेणें हा विषय इतिहासाच्या अभ्यासकानें हातीं घ्यावा असा नव्हे, असें आमच्या कांहीं स्नेह्यांचें मत पडलें. मोटारीच्या व्यापाऱ्यांनीं, फार तर अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीं त्याची चर्चा करावी. इतिहासानें राजे, तह आणि बंडें यांकडे पाहावें, असा त्यांचा आशय. परंतु आमच्या घरीं लांबच्या प्रवासासाठीं एक वापरलेली मोठी मोटार घेण्याचा प्रश्न निघाला, आणि तो सोडवितांना आम्हांस जितका इतिहास आठवावा लागला तितका वर्गांत शिकवितांनाही क्वचित् लागतो. म्हणून हा लेख.

प्रश्न तसा साधा होता. आमच्या मातुःश्रींचें वय ऐंशीच्या घरांत आहे. त्यांचें माहेर सिरोंचाकडील. “डोळे शाबूत आहेत तोंवर एकदां प्राणहितेचा घाट दाखव, मग कुठें ने म्हणणार नाहीं,” असें त्या दिवाळीच्या पाडव्यास म्हणाल्या. चंद्रपुराहून सिरोंचा सुमारें दोनशें किलोमीटर. पुण्यामुंबईच्या वाचकांस हें अंतर सकाळच्या फराळापासून दुपारच्या जेवणापर्यंतचें वाटेल. परंतु आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून आलापल्लीस पोंचल्यावर पुढचे शंभरेक किलोमीटर सागवनांतून जावें लागतें, आणि त्या रस्त्याची प्रकृति दर पावसाळ्यानंतर निराळी असते. आमची लहान मोटार शहरांत उत्तम. पण तिचें पोट जमिनीस इतकें जवळ, कीं एखाद्या रपट्यावरून उतरतांना खालून येणारा आवाज ऐकून काळजाचा ठोका चुकतो. उंच, मजबूत, सहासात माणसें व त्यांचें सामान घेणारी, जिला हल्लीं एसयूव्ही या तीन अक्षरांनीं ओळखतात, तशी गाडी हवी होती. नवीची किंमत आमच्या बेताबाहेर. कन्येचें शिक्षण अद्याप चालू आहे. तेव्हां वापरलेली घ्यावी असें ठरलें. येथपर्यंत घरांत एकमत होतें. पुढें मात्र प्रत्येकाचें मत निराळें, आणि आमचें स्वतःचें तर दररोज निराळें.

त्यांत भर अशी, कीं पूर्वीं एकदां आम्ही या व्यवहारांत सपशेल फसलों होतों. ती हकीकत पुढें येईल. जो एकदां फसतो तो दुसऱ्या वेळीं एक तर अतिशय संशयी होतो किंवा अतिशय अभ्यासू. आम्ही दोन्ही झालों, आणि मत बनविण्यापूर्वीं संवयीप्रमाणें मागें वळून पाहूं लागलों. या प्रदेशांत माणसें लांबचा प्रवास करीत तरी कशानें?

आज चंद्रपूर आणि गडचिरोली असे जे दोन जिल्हे आहेत, ते २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि १९६४ पर्यंत त्या एका जिल्ह्याचें नांव चांदा असें होतें. दोहोंचें क्षेत्रफळ मिळून सुमारें दहा हजार चौरस मैल. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५३-५४ मध्यें खालसा झालें तेव्हां इंग्रजांच्या हातीं हा सागवनांचा, जमीनदाऱ्यांचा आणि नद्यांचा मुलूख आला. सिरोंचा हें कांहीं काळ अप्पर गोदावरी नांवाच्या निराळ्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें. तो भाग १८७४ मध्यें चांद्यास जोडला गेला. गंमत अशी, कीं या मुलुखांत रस्ता करण्यापेक्षां नदीच सुधारावी असें प्रथम सरकारास वाटलें. सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेप्रमाणें गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा यांतून बोटी चालवून वऱ्हाड-नागपुराकडील कापूस थेट पूर्व समुद्रास न्यावयाचा होता. वाटेंत खडकांचे मोठे अडथळे; त्यांतला तिसरा अहेरीच्या बाजूस देवलमरी येथें. बांध आणि कालवे यांवर वर्षानुवर्षें खर्च झाला. तेवढ्यांत कापूस आगगाडीनें मुंबईस जाऊं लागला, आणि १८७१ च्या सुमारास हें सारें काम सोडून देण्यांत आलें. पुढें लोहमार्ग आले ते पश्चिमेच्या व उत्तरेच्या कडेनें आले: वरोऱ्याच्या कोळशासाठीं एक, तो पुढें बल्लारपुरापर्यंत; आणि गोंदियाहून नागभीडवरून चांदाफोर्टपर्यंत एक अरुंद मार्ग, ज्यावरील वडसा हें दीर्घकाळ साऱ्या गडचिरोली जिल्ह्याचें एकुलतें एक स्टेशन राहिलें. नदी गेली, रेल्वे बाहेरच्या बाहेर गेली. मधला अफाट प्रदेश बैलाच्या खांद्यावर राहिला.

त्या बैलाविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. धानाच्या पोत्यांसाठीं बंडी. माणसांसाठीं रेंगी, आणि बायकामुलांसाठीं वर छत असलेली दमणी. रेंगी हलकी, दोन चाकांची, तिला जोडावयाचे बैलही हलक्या अंगाचे व चपळ. झाडीपट्टींत शंकरपटाचा जो षौक आहे तो नुसता खेळ नव्हे; ज्या जोडीनें पट मारला तिच्याकडे चार गांवांचे डोळे लागत, आणि रेंगीचा धनी तिच्यापुढें उगाच ताठ बसे. मातुःश्री १९६४ सालीं लग्न होऊन चांद्याकडे आल्या. त्या सांगतात, वऱ्हाडाच्या तीन दमण्या व दोन बंड्या होत्या. तळाशीं तणसाचा थर, त्यावर गोधडी. वाटेंतली मोठी नदी डोंग्यानें ओलांडली, बैल पोहून आले. आणि मुक्कामाच्या ठिकाणीं बैल सोडल्यावर रात्रभर शेकोटी विझूं दिली नाहीं, कारण पलीकडच्या नाल्यांत वाघाचा आवाज होता. प्रवासाचा त्रास त्यांस आठवत नाहीं. आठवते ती एकच गोष्ट: दमणींत मागून बसतां येई, पाय फार उचलावा लागत नसे. हें वाक्य त्यांनीं सहज म्हटलें होतें. आम्हीं तेव्हां त्याकडे दुर्लक्ष केलें.

लांबच्या वाटेसाठीं बैल घ्यावयाचा तो कोणी कोंवळा घेत नसे. आदत खोंड दिसावयास देखणें, पण त्यास वाट ठाऊक नाहीं, पाण्यांत पाऊल टाकतांना तें बिचकतें, उतारावर गाडी अंगावर आली कीं उधळतें. म्हणून चार दाती किंवा जुळलेली जोडी पाहत, जी कोणाच्या तरी गाडीस दोन-तीन वर्षें चालली आहे अशी. ‘वापरलेला’ या शब्दांत आज जो कमीपणा आहे तो त्या बाजारांत नव्हता. न वापरलेला हाच तेथें धोका. पाहणारा आधी दांत पाही, मग खूर, मग खांद्यावरील घट्टा. घट्टा दोन्ही बैलांचा सारखा असेल तर जोडी मेळाची. मग जोडी चालवून, बसवून, उठवून पाहावयाची. शिंगांस तेल आणि रंग लावून आणलेल्या बैलाकडे जाणता माणूस अधिक संशयानें पाही. शेवटीं दलाल रुमालाखालीं हात धरून बोटांनीं भाव करी, आणि बाजूला उभ्या असलेल्या सख्ख्या भावासही तो आंकडा कळत नसे. मोटारींच्या जुन्या बाजारांत हिंडतांना आम्हांस या बाजाराची आठवण पावलोपावलीं होत होती. फरक इतकाच, कीं बैलाचे दांत मागें फिरविण्याची कला कोणास साधली नव्हती. मोटारीचें मीटर मागें फिरविण्याची साधली आहे.

बैलानंतर जें वाहन या अरण्यांत खरोखर शिरलें तेंही जुनेंच होतें, आणि युद्धांतून आलें होतें. जुलै १९४० मध्यें अमेरिकन लष्करानें एकशें पस्तीस कारखान्यांस एका हलक्या, चारही चाकांनीं ओढणाऱ्या गाडीबद्दल विचारणा केली. बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें ठरल्या मुदतींत नमुना उभा केला. मोठ्या प्रमाणावर गाड्या केल्या मात्र विलिस आणि फोर्ड यांनीं. सहा लाखांहून अधिक जीपा त्या युद्धांत तयार झाल्या. साठ अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन, दोन चाकांच्या आंसांत अवघे ऐंशी इंचांचें अंतर, पुढची कांच बॉनेटवर आडवी पडणारी, दारें नाहींतच. ब्रह्मदेश-आसामच्या आघाडीवर ज्या गाड्या चालल्या त्यांतील पुष्कळशा युद्ध संपल्यावर येथेंच राहिल्या आणि ‘डिस्पोजल’च्या मालांत लिलावानें निघाल्या. हिंदुस्थानांतील ठेकेदार, जमीनदार आणि शिकारी यांस एक नवें वाहन मिळालें. तें अमेरिकन सैनिकाचें वापरलेलें होतें याची कोणास खंत वाटली नाहीं.

स्वतंत्र भारताच्या सरकारानेंही आरंभीं जुन्या जीपांच्याच खरेदींत हात पोळून घेतला, हें आजच्या तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. १९४८ मध्यें काश्मीरच्या लढाईसाठीं गाड्यांची निकड होती. लंडनमधील आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनीं एका परदेशी कंपनीशीं दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सौदा केला. किंमतीचा मोठा भाग आगाऊ दिला गेला. गाड्या आल्या त्या एकशें पंचावन्न, आणि त्याही लष्करास चालेनात. लोकसभेंत गदारोळ झाला. गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनीं ३० सप्टेंबर १९५५ रोजीं हें प्रकरण मिटल्याचें जाहीर केलें. राजकारणाचा भाग आम्ही सोडून देतों. पण नीट पाहणी होण्यापूर्वींच पैसे देऊन मोकळें होणें ही जी चूक एवढ्या मोठ्या सरकारनें लंडनमध्यें केली, तीच पुढें आम्हीं एका शहराच्या नाक्यावरील दुकानांत केली, एवढें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल.

आमचे वडील एका लांकूड-बांबूच्या ठेकेदाराकडे दिवाणजी होते. त्या ठेकेदाराजवळ अशी एक डिस्पोजलची जीप होती. तिचें चाक डाव्या बाजूस. आम्हांस कळूं लागलें तेव्हां ती तिसऱ्या कीं चौथ्या मालकाकडे होती, आणि पेट्रोलच्या किंमती वाढल्यावर तिच्या पोटांत एक डिझेलचें इंजिन बसविलेलें होतें, ज्याच्या आवाजानें मैलभरावरील मोर उडून जात. कमलापूरच्या वाटेवर ती एकदां ओढ्याच्या वाळूंत रुतली. चारही चाकें फिरत होतीं आणि गाडी खोल जात होती. शेवटीं लांकडें ओढणाऱ्या हत्तीणीस आणावें लागलें. वडील पुढें कधीं कोणी चारचाकी जोराची फुशारकी मारूं लागला, कीं नुसते हंसत.

यापुढचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे, तो भरभर सांगतों. महिंद्र बंधु आणि गुलाम महंमद यांनीं १९४५ मध्यें काढलेल्या कंपनीनें विलिसच्या परवान्यानें जीपा जुळविण्यास आरंभ केला. भागीदारांपैकीं गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरल झाले. कंपनी १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र झाली. पहिली पन्नास वर्षें या गाड्यांचें मुख्य गिऱ्हाईक सरकार. आमच्याकडे जीप म्हणजे जंगलखातें, तहसील, मलेरियाचें पथक आणि निवडणूक. खाजगी कुटुंबास ती मिळे ती सरकारी लिलावांतून, दहा-बारा वर्षें झिजल्यावर. १९९४ मध्यें टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकर या थोर अभियंत्याच्या नांवांतील आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. मराठी वर्णांप्रमाणें ‘सुमु’ व्हावयाचें, तें इंग्रजी स्पेलिंगामुळें ‘सुमो’ झालें. जपानी मल्लाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. २००० सालीं बोलेरो आणि क्वालिस, २००२ मध्यें स्कॉर्पिओ, २००५ मध्यें क्वालिस बंद होऊन इनोव्हा. याच काळांत काळीपिवळी नांवाची संस्था विदर्भाच्या रस्त्यांवर फोफावली. जेथें एस.टी. दिवसांतून एकदां, तेथें काळीपिवळी भरली कीं सुटे. एस.टी. न पोंचलेलीं गांवें किती दिवस तशीं राहिलीं याचें एकच उदाहरण देतों: गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या मार्गावर एस.टी.ची गाडी प्रथम धांवली ती १ जानेवारी २०२५ रोजीं.

सरकारी जीप जुनी होऊन रयतेच्या दारीं येण्याची ही जी सत्तर वर्षांची परंपरा, ती नुकतीच खंडित झाली. केंद्र सरकारच्या नियमानें १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षें झालेल्या सरकारी वाहनाची नोंदणी पुढें चालत नाहीं. तें मोडींतच काढावें लागतें. हवेच्या दृष्टीनें हें योग्यच असेल. पण वडिलांच्या पिढीनें जो दरवाजा पाहिला तो बंद झाला खरा. दुसरा एक दरवाजा मात्र उघडला होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ मध्यें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस दिल्लींत बंदी घातली, तेव्हां तेथील सुस्थितींतल्या मोठ्या गाड्या स्वस्त होऊन इतर प्रांतांकडे निघाल्या. पुढें त्या आदेशांत न्यायालयीन फेरफार झाले, पण तोंवर व्यापाराची वाट पडली होती. दिल्लीची गाडी महाराष्ट्रांत आणतांना तेथील ना-हरकत पत्र, येथील कर आणि नवा क्रमांक हे सोपस्कार करावे लागतात, आणि पुष्कळ वेळां स्वस्ताईचा मोठा भाग त्यांतच विरतो. हें आम्हीं कागदावर आंकडे मांडून पाहिलें.

आतां आमच्या फसवणुकीची गोष्ट. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दच्या पाण्यानें वैनगंगेस मोठा पूर आला आणि ब्रह्मपुरी-देसाईगंजकडील अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. त्यानंतरच्या हिवाळ्यांत आम्हीं एका शहरांतील दुकानांतून एक मोठी डिझेल मोटार घेतली. रंग चकचकीत, आंत सुवास, गाद्यांवर नवीं कव्हरें. शिंगांस तेल लावलेला बैल! पण आम्ही इतिहासाचे प्राध्यापक. बैलाचा बाजार पुस्तकांत ठेवून आलों होतों. वर्षभर ती चालली. पुढच्या डिसेंबरांत हेमलकशाहून परततांना, भामरागड-आलापल्लीच्या मध्यें, सायंकाळीं तिचे दिवे एकाएकीं विझले आणि इंजिन बंद पडलें. मागच्या बैठकीवर कन्या तापानें फणफणलेली. फोनला रेंज नाहीं. जवळच्या पाड्यावरील माडिया मंडळींनीं गाडी ढकलून कडेस लावली, शेकोटी पेटवून दिली, आणि पाणी तापवून आणलें. आमची त्यांची भाषा एक नव्हती. तीन तासांनीं आलेल्या एका मालमोटारीनें आम्हांस आलापल्लीपर्यंत नेलें. त्या तीन तासांत आमच्या पत्नीनें एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. तो अबोला आम्हांस अजून आठवतो.

बल्लारपूरच्या मिस्त्रीनें नंतर गाडीची सतरंजी उचलून दाखविली. खालीं बारीक, वाळलेला गाळ. बैठकीच्या रुळांवर तांबडा गंज. पट्टा शेवटपर्यंत ओढला तेव्हां त्यावर एक मातकट रेघ दिसली. पाणी तेथवर चढलें होतें. तारांच्या जोडांवर हिरवट बुरशी. पुरांत बुडालेल्या गाडीचें इंजिन धुऊन चालू करतां येतें, पण तारांचें जाळें एकेक करून वर्षा-दोन वर्षांत मरतें. विमा कंपनीकडे चौकशी केली तेव्हां कळलें, कीं आंत पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाची भरपाई बहुधा साध्या विम्यांत येत नाहीं, त्यासाठीं निराळी जोड घ्यावी लागते. अर्थात् आम्हीं ती घेतली नव्हती. ज्यानें गाडी विकली त्यानें आमचा फोन घेणें सोडलें.

या वेळीं आम्ही मिस्त्रीस बरोबर घेतल्याविना एकाही गाडीजवळ गेलों नाहीं. “सर, इंजिन मग पाहू, आधी गाडीखाली झोपा,” हा त्याचा पहिला धडा. पन्नाशी उलटलेल्या माणसास वर्तमानपत्र अंथरून मोटारीखालीं झोपणें शोभत नाहीं. पण इतिहासाची खरी साधनें बहुधा खालीं धुळींतच असतात. जुन्या पद्धतीच्या या मोठ्या गाड्यांस शिडीसारखी लोखंडी चौकट असते, वरचा डबा तिच्यावर बसविलेला. चौकट सरळ असेल तर बाकी सारें बदलतां येतें; ती वांकली किंवा कोठें नव्यानें झाळली असेल तर गाडी कधीं सरळ धांवत नाहीं. दुसरा धडा धुराचा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितें. इंजिन चालू असतां तेलाचें झांकण उघडून तेथून वाफेचे लोट येत असतील तरी अर्थ तोच. तिसरा धडा मीटरवर विश्वास न ठेवण्याचा. एक स्कॉर्पिओ आम्हांस सत्तर हजार किलोमीटर चाललेली म्हणून दाखविण्यांत आली. मिस्त्रीनें ब्रेकच्या पायरीचें रबर दाखविलें: झिजून गुळगुळीत. मग दाराच्या कडेचें रबर उचलून बोट फिरविलें, तों बोट लाल. “ही धूळ चंद्रपूरची नाही, सर. ही सुरजागडकडची.” लोहखनिजाच्या रस्त्यावर ठेकेदाराकडे दिवसरात्र राबलेली ती गाडी होती. बैलाच्या खांद्यावरील घट्टा निराळ्या ठिकाणीं निघाला, एवढेंच.

चारही चाकांच्या जोराचा मोह आम्हांस पुष्कळ दिवस होता. चिरंजीवांचा तर आग्रहच होता. ताडोब्यांतील जिप्सी पाहून त्यांस तसेंच वाहन हवें होतें. जिप्सीचें उत्पादन थांबून कांहीं वर्षें झालीं, तरी जुनीस तेथें मागणी आहे ती त्या उघड्या हलक्या बांध्यामुळें. पण ती उघडी गाडी म्हाताऱ्या माणसास दोनशें किलोमीटर नेण्याची नव्हे. आणि विचार करतां असें दिसलें, कीं आमचा प्रवास पौष-माघांतला. तेव्हां ओढे कोरडे असतात. पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी चढलें कीं भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षें बंद पडत आला. तेथें चार चाकांचा जोर आणि दोन चाकांचा जोर सारखाच थांबतो. वडिलांचें हंसूं आठवलें, आणि तो खर्च आम्हीं वगळला. नव्या, म्हणजे २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांविषयीं मिस्त्रीचें मत वाईट नव्हतें, पण त्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी जी चाळण असते ती मधून मधून वेगानें धांवल्याशिवाय मोकळी होत नाहीं, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तेवढा वेग मिळेल कोठून? शिवाय तिची दुरुस्ती यंत्र लावून वाचणाऱ्या कारागिराकडेच. जी गाडी सिरोंचाच्या साध्या मिस्त्रीस कळते तीच बरी, असें आमचें मत झालें. त्यांतही चूक असूं शकेल. दहा वर्षांनीं तेथील मिस्त्रीही तें यंत्र बाळगील.

शेवटीं दोन गाड्या उरल्या: एक २०१४ ची बोलेरो, एक २०१३ ची इनोव्हा. बोलेरो स्वस्त, उंच, साधी; तिचे पाटे खड्ड्यांस भीत नाहींत, पण त्याच पाट्यांमुळें मागच्या बैठकीवरील माणसाची हाडें हलतात. इनोव्हा तिच्याहून थोडी बुटकी, महाग, आणि एक लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली. वाद चार दिवस चालला. आम्ही बोलेरोच्या बाजूचे होतों. इतिहास तिच्या बाजूनें होता. निर्णय मात्र दुसरीकडेच लागला. मातुःश्रींस दोन्ही गाड्या दाखविण्यास नेलें. बोलेरोच्या पायरीवर त्यांनीं एक पाय ठेवला, दाराची मूठ धरली, आणि तेथेंच थांबल्या. गुडघा वर घेईना. कोणी कांहीं बोललें नाहीं. इनोव्हाजवळ आल्यावर त्या पाठ करून बैठकीवर टेकल्या, मग दोन्ही पाय आंत ओढून घेतले. “असंच दमणीत बसायचो,” त्या म्हणाल्या, आणि दार लावून घ्यावयास सांगितलें.

ज्या गृहस्थांकडून आम्हीं ती घेतली ते सेवानिवृत्त; दुरुस्तीच्या पावत्या त्यांनीं एका फायलींत क्रमानें लावून ठेविल्या होत्या. इतिहासकारास याहून मोठें सुख नाहीं. फायलींत एकच उणीव निघाली: इंजिनाच्या वेळेचा पट्टा बदलल्याची पावती नव्हती. तो तुटला तर इंजिनाचा चुरा होतो. तेवढ्यापुरती किंमत कमी करून सौदा सव्वासहा लाखांस झाला. पैसे पुरे दिले ते नोंदणीचें पुस्तक, कर्जमुक्तीची नोंद आणि सही झालेले २९ व ३० क्रमांकांचे नमुने हातीं आल्यावर. चौदा दिवसांच्या आंत परिवहन कचेरींत अर्ज केला आणि विमाही नांवावर करून घेतला. पट्टा, पुढचे शॉकअप आणि चार टायर यांस आणखी साठ हजारांच्या वर लागले. जुनी मोटार घेणारानें किंमतीचा दहावा हिस्सा निराळा बांधून ठेवावा, असें मिस्त्री पूर्वींच म्हणाला होता. त्याचा अंदाज बरोबर निघाला, आमचा नाहीं.

जानेवारींत निघालों. आष्टी, आलापल्ली, मग सागवान. रेपनपल्लीच्या पुढें एका खराब पट्ट्यांत पहिल्या गियरमध्यें अर्धा तास गेला. खालून दोनदां दगड लागला, आणि दोन्ही वेळां आमचा हात आपोआप दाराकडे गेला. गाडी चालत राहिली. वाटेंत एका वडाखालीं मातुःश्रींनीं थांबावयास सांगितलें. येथें बैल सोडले होते, असें त्यांस वाटत होतें. वड बराच मोठा होता, पण ते सारेच मोठे आहेत. सिरोंचास पोंचलों तेव्हां ऊन कलूं लागलें होतें. घाटावर पलीकडे काळेश्वरचें तीर दिसत होतें. आतां पूल झाला आहे, नाव लागत नाहीं, हें त्यांस सांगितलें. त्यांनीं मान हलविली, गाडीचें दार उघडें ठेवावयास लावलें, आणि बैठकीवरून पाय बाहेर सोडून बराच वेळ पाण्याकडे पाहत बसून राहिल्या. कन्येनें थर्मासमधला चहा ओतला. आम्ही सतरंजी उचलून खालचें लोखंड कोरडें आहे ना तेवढें पाहून घेतलें.